लंडनच्या वेशीवरील अरण्य

लंडन शहराच्या ईशान्येस, ली आणि रोडिंग या दोन लहान नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर एपिंगचे अरण्य पसरलेले आहे. त्याचे दक्षिण टोक पूर्व लंडनच्या दाट वस्तीत शिरलेले आहे आणि तेथून उत्तरेकडे एपिंग गावापर्यंत सुमारे १९ किलोमीटर लांबीचा, कोठे ऐसपैस तर कोठे अगदी चिंचोळा असा त्याचा पट्टा जातो. क्षेत्रफळ सुमारे २,४०० हेक्टर, म्हणजे सहा हजार एकरांच्या आतबाहेर. दोन्ही बाजूंना वॉल्थमस्टो, चिंगफर्ड, वुडफर्ड, लाउटन अशी उपनगरे दाटीने उभी आहेत; लोहमार्ग आहेत, हमरस्ते आहेत. या साऱ्यांच्या मध्ये ओक, बीच आणि हॉर्नबीम या वृक्षांची जुनी राई, मधूनमधून कुरणे व तळी, असा हा मुलूख मोकळा पडलेला आहे. कोणीही यावे आणि वाटेल त्या वाटेने आत शिरावे. दरवाजा नाही, तिकीट नाही.

नवख्या माणसाच्या नजरेला येथे पहिल्याने खटकतो तो झाडांचा आकार. बुंधा जाडजूड, पण आखूड. पुरुषभर उंचीवर तो एकाएकी थांबतो आणि तेथून मुठीतून बोटे फुटावीत तशा पाच-सहा दणकट फांद्या सरळ आकाशाकडे निघतात. अशी पुरातन झाडे या अरण्यात पन्नास हजारांहून अधिक आहेत. निसर्गाने त्यांना हा आकार दिलेला नाही. जनावरांचे तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर त्यांच्या फांद्या दर काही वर्षांनी सरपणासाठी छाटल्या जात आणि छाटलेल्या जागी पुन्हा नवे धुमारे फुटत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. गरिबांच्या कुऱ्हाडीने ही झाडे घडवली. आणि हे अरण्य आज जागेवर आहे तेही पुष्कळ अंशी त्याच कुऱ्हाडीमुळे. झाडे तोडण्याच्या हक्कापायी अरण्य वाचले, हे विधान विपरीत वाटेल खरे. परंतु इतिहास तसा घडलेला आहे.

त्यासाठी थोडे मागे जावयास हवे. ‘फॉरेस्ट’ या इंग्रजी शब्दाने आज आपल्या डोळ्यांपुढे झाडी उभी राहते. नॉर्मन राजांच्या काळी तो शब्द मुख्यतः कायद्याचा होता. ज्या प्रदेशात राजाच्या शिकारीसाठी हरणे राखलेली आणि ज्याला वनांचा स्वतंत्र कायदा लागू, तो प्रदेश म्हणजे फॉरेस्ट. मग तेथे झाडे असोत वा नसोत. जमिनीची मालकी राजाची असावी असेही नव्हते. एपिंगची जमीन निरनिराळ्या ‘मॅनरां’त विभागलेली होती. मॅनर म्हणजे ढोबळ मानाने आपल्याकडचे इनामगाव, आणि त्याचा लॉर्ड म्हणजे इनामदार. या इनामदाराची मालकी, तीवर राजाचा शिकारीचा हक्क आणि त्या दोहोंखाली गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क, असे तीन थर एकाच जमिनीवर होते. गावकऱ्यांनी अरण्यात गुरे चारावीत, काही गावांनी सरपण तोडावे. मात्र राजाची हरणे हिंडतात म्हणून कोणी कुंपण घालू नये, असा तो व्यवहार. हरणांच्या लोभाने राजाने कुंपणाला बंदी केली आणि तिचा लाभ गरिबांच्या गुरांना मिळाला. शिकारीच्या या काळाची एक खूण चिंगफर्डला अद्याप उभी आहे. १५४३ साली आठव्या हेन्रीसाठी बांधलेला शिकारीचा लाकडी मजला आता राणी एलिझाबेथच्या नावाने ओळखला जातो. लोकांना ती अधिक आवडली असावी.

लाउटन गावात सरपणाचा हक्क विशेष थाटाने बजावला जाई. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री हंगाम सुरू होई आणि २३ एप्रिलला संपे. हा हक्क एलिझाबेथ राणीने दिला, आणि त्या मध्यरात्री एकाही गावकऱ्याने कुऱ्हाड चालवली नाही तर तो कायमचा बुडेल, अशी गावात समजूत होती. एका वर्षी इनामदाराने सर्वांना मेजवानीला बोलावून मद्य पाजले, ते मध्यरात्र उलटून जावी म्हणून. पण एक जण वेळेवर शुद्धीत राहून निसटला आणि त्याने फांदी तोडून आणली, अशी दंतकथाही सांगतात. दंतकथेची ऐतिहासिक किंमत काहीही असो. हक्क वापरला नाही तर जातो, हे कायद्याचे तत्त्व त्या निरक्षर मजुरांनी नेमके ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकाने ही जुनी घडी विस्कटली. १८०१ साली लंडनची वस्ती दहा लाखांच्या घरात होती. १८५१ साली ती साडेतेवीस लाखांच्या पुढे गेली. शिकारीत राजघराण्याला रस उरला नव्हता, आणि सरकारच्या वनखात्याने १८५०च्या सुमारास एपिंगमधील राजाचे हक्क निरनिराळ्या इनामदारांना विकून टाकण्यास आरंभ केला. किंमत क्षुल्लक होती. राजाचा हक्क गेला म्हणजे कुंपणबंदी गेली, असा इनामदारांनी सोयीस्कर अर्थ घेतला. १८५६ साली लोहमार्ग लाउटनला पोहोचला आणि चाऱ्याच्या जमिनीला बंगल्यांच्या जमिनीचा भाव आला. शेजारच्या हेनॉल्ट अरण्याचे काय झाले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. १८५१ च्या कायद्याने त्याचे अरण्यपण रद्द होताच सुमारे तीन हजार एकरांवरील वृक्ष अल्पावधीत उखडून तेथे शेते आखण्यात आली होती. एपिंगमध्ये तेवढी घाई झाली नाही. येथे तुकड्यातुकड्यांनी कुंपणे पडत गेली आणि १८७१ पर्यंतच्या वीस वर्षांत उरलेल्या अरण्याचा जवळजवळ अर्धा भाग बंदिस्त झाला.

लाउटनचे इनामदार जॉन व्हिटेकर मेटलंड हे त्याच गावचे धर्मोपदेशकही होते. त्यांनी १८६४-६५ च्या सुमारास हजाराहून अधिक एकर जमिनीला कुंपण घातले. काही झोपडीवाल्यांना भरपाई म्हणून थोडे पैसे दिले, गावाच्या खेळण्याबागडण्यासाठी थोडेसे एकर सोडले आणि बाकीच्या जमिनीत विक्रीसाठी घरांचे तुकडे पाडावयाचे ठरवले. गावात विरोध फारसा झाला नाही. धर्मोपदेशक आणि जमीनमालक एकच असला म्हणजे विरोध करावा तरी कोणाकडे?

टॉमस विलिंगेल नावाच्या एका म्हाताऱ्या मजुराने मात्र ११ नोव्हेंबरची रीत चुकवली नाही. कुंपण ओलांडून तो व त्याचे आप्त आत गेले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे फांद्या तोडल्या. खटला झाला. १८६६ साली त्याचा मुलगा व दोन जवळचे नातेवाईक यांनी दंड भरण्याचे नाकारले आणि ते तुरुंगात गेले. दंड भरणे म्हणजे आपण चोरी केली असे कबूल करणे होय, हे त्यांना कळत होते. विलिंगेलला गावात काम मिळेनासे झाले. खटला सोडून दे म्हणून त्याला पैशाचे आमिष दाखवले गेले आणि त्याने ते झिडकारले, अशी हकीगत त्या चळवळीच्या पुढाऱ्यांनी पुढे नमूद केली आहे.

हे पुढारी वेगळ्याच जगातले होते. १८६५ साली जॉर्ज शॉ-लेफेव्हर यांनी लंडनमध्ये सामाईक जमिनींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली होती. जॉन स्टुअर्ट मिल, ऑक्टेव्हिया हिल, तरुण वकील रॉबर्ट हंटर अशी मंडळी तिच्याशी संबद्ध होती. शहरातल्या लोकांना मोकळी हवा मिळावी ही त्यांची तळमळ. परंतु मोकळ्या हवेचा हक्क इंग्लंडच्या कायद्यात नव्हता. लंडनच्या लाखो रहिवाशांना एपिंगमध्ये फिरण्याची सवय होती. मात्र सवय न्यायालयात टिकत नाही. एखाद्या ठरावीक गावच्या ठरावीक माणसाचा गुरे चारण्याचा वा फांदी तोडण्याचा वहिवाटीचा हक्क मात्र टिकतो. म्हणून सुशिक्षितांच्या या संस्थेला लाउटनच्या म्हाताऱ्याची गरज पडली, आणि त्याला तिच्या वकिलांची. विलिंगेलच्या नावाने इनामदारावर दावा लावण्यात आला. तो रेंगाळत असतानाच १८७० मध्ये विलिंगेल मरण पावला आणि वादीच नाहीसा झाल्यामुळे दावाही संपला.

त्याच वर्षी हा प्रश्न पार्लमेंटात आला. एपिंग मोकळे राखावे असा ठराव मांडणारे सभासद होते हेन्री फॉसेट, ऐन तारुण्यात दृष्टी गमावलेले अर्थशास्त्रज्ञ. हिंदुस्थानच्या तिजोरीचा हिशेब पार्लमेंटात चिकाटीने मागत राहिल्यामुळे त्यांना पुढे ‘हिंदुस्थानचे सभासद’ असे टोपणनावच पडले. मोकळे अरण्य त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हते. त्याचा कैवार त्यांनीच घ्यावा हा योगायोग काही साधा नव्हे. ठराव संमत झाला, परंतु कुंपणे हलली नाहीत. ८ जुलै १८७१ रोजी अरण्याच्या दक्षिण टोकाला वॉन्स्टेडच्या माळावर पूर्व लंडनचे हजारो कामकरी जमले आणि त्यांनी तेथले नवे कुंपण मोडून टाकले.

आता रंगभूमीवर एक अनपेक्षित पात्र येते. लंडनच्या मध्यभागी असलेल्या एक चौरस मैलाच्या जुन्या ‘सिटी’चे कॉर्पोरेशन ही व्यापाऱ्यांची धनाढ्य आणि मानापानाला जपणारी संस्था. तिने १८५०च्या दशकात ऑल्डर्सब्रुक येथे सुमारे दोनशे एकरांचे एक शेत मृतांच्या दफनासाठी विकत घेतले होते. ते शेत अरण्याच्या हद्दीत होते. त्यामुळे त्याच्या मालकाला अरण्यात गुरे चारण्याचा हक्क आपोआप मिळत होता, आणि ती मालक संस्था होती कॉर्पोरेशनचे मलनिःसारण पाहणारे आयुक्त मंडळ! सिटीचे सॉलिसिटर टॉमस नेल्सन यांनी ही गोष्ट हेरली. इंग्लंडमधील अरण्यरक्षणाचा सर्वांत मोठा दावा अशा रीतीने १८७१ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या गटारखात्याने स्मशानभूमीच्या आधारावर गुरचराईच्या हक्कासाठी दाखल केला. विलिंगेल मेला होता. पण कॉर्पोरेशन कधी मरत नाही, आणि त्याला गावात कोणी उपाशी ठेवू शकत नाही.

दाव्याचे मर्म एका साध्या मुद्द्यात होते. इनामदारांचे म्हणणे असे की, प्रत्येक मॅनरच्या लोकांना आपापल्या मॅनरपुरताच चराईचा हक्क आहे. तेव्हा प्रत्येक इनामदाराने आपल्या गावच्या चार-दोन हक्कदारांची समजूत काढली की जमीन मोकळी झाली. कॉर्पोरेशनने जुन्या वन-न्यायालयांची शतकानुशतकांची दप्तरे उलगडून दाखवले की, अरण्य एकच आहे, आत कुंपण कधीच नव्हते, गुरे या टोकापासून त्या टोकापर्यंत चरत असत. म्हणजे दक्षिणेकडच्या ऑल्डर्सब्रुकच्या गायीला उत्तरेकडच्या लाउटनच्या गवतावर हक्क आहे आणि लाउटनचे कुंपण तिच्या वाटेत उभे आहे. मॅनरांच्या सीमा कागदावर होत्या. गाईंनी त्या कधी वाचल्या नव्हत्या. १० नोव्हेंबर १८७४ रोजी मास्टर ऑफ द रोल्स या पदावरील न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी हा मुद्दा पूर्णपणे मान्य केला. दावा दाखल होण्यापूर्वीच्या वीस वर्षांत घातलेली कुंपणे बेकायदा ठरली, प्रतिवाद्यांनी पुढे केलेल्या पुराव्यावर कडक ताशेरे बसले आणि खर्चाचा बोजाही त्यांच्यावर पडला. लाउटनच्या सरपणाच्या हंगामाला तेव्हा एकच दिवस उरला होता.

या निकालातून १८७८ चा एपिंग अरण्य कायदा निघाला. अरण्याची जमीन कॉर्पोरेशनने इनामदारांकडून विकत घ्यावी, ती लोकांच्या विहारासाठी सदैव मोकळी, कुंपणाविना आणि बांधकामाविना ठेवावी, तिचे नैसर्गिक रूप जपावे, असे बंधन त्यात घातले. चराईचा हक्क कायम राहिला. हक्कदारांनी दर सात वर्षांनी चार ‘व्हर्डरर’, म्हणजे वनपंच, निवडावेत ही जुनी संस्थाही नव्या रूपात टिकली. पैशाची व्यवस्थाही सुबक होती: लंडन बंदरात उतरणाऱ्या धान्याच्या मापावर कॉर्पोरेशनला जो पूर्वापार कर मिळे, त्याचे १८७२ च्या कायद्याने रूपांतर करून ते उत्पन्न लंडनभोवतीच्या मोकळ्या जागांसाठी राखून ठेवले होते. अरण्याचा पहिला रेंजर म्हणून व्हिक्टोरिया राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याची नेमणूक झाली. हाच ड्यूक पुढे १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सेनापती म्हणून पुण्यास येऊन राहिला.

कायद्यात एक कलम मात्र निराळे होते. लाउटनकरांचा फांद्या तोडण्याचा हक्क बंद व्हावा आणि त्याची भरपाई काय द्यावयाची ते लवादाने ठरवावे. अरण्य ज्या हक्काच्या नावाने प्रथम न्यायालयाच्या पायरीशी आले, तोच हक्क अरण्य वाचताक्षणी निकालात निघाला. फिरावयास येणाऱ्या शहरवासीयांना डोके छाटलेली झाडे कुरूप वाटत. त्यांना हवे होते ते पुस्तकातल्यासारखे अरण्य.

लवाद म्हणून नेमले गेले सर आर्थर हॉबहाउस. १८७२ ते १८७७ अशी पाच वर्षे ते हिंदुस्थानात गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदेमंत्री होते आणि नुकतेच मायदेशी परतले होते. ज्या वर्षी ते एपिंगच्या कामावर रुजू झाले, त्याच १८७८ साली हिंदुस्थानात सातव्या क्रमांकाचा अधिनियम म्हणून वन-कायदा संमत झाला. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि जहाजांसाठी भारतातील जंगले झपाट्याने तुटत होती, त्यांना आळा घालणे आवश्यक होते, हे खरेच. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिच ब्रँडिस यांचा कल गावांकडे त्यांची स्वतःची वने सोपवण्याकडे होता. परंतु मत टिकले ते दुसरे. त्या मताप्रमाणे, पूर्वापार चालत आलेला लोकांचा वापर हा हक्क नव्हे, ती सत्ताधीशाने दाखवलेली सवलत होय. आणि सवलत काढून घेता येते. राखीव वन जाहीर झाले की दावेदाराने मुदतीत जमाबंदी अधिकाऱ्यापुढे येऊन हक्क सिद्ध करावा, अन्यथा तो नष्ट झाला असे समजावे. लाउटनच्या मजुराजवळ कागद नव्हता; ठाणे जिल्ह्यातील वारली वा कातकऱ्याजवळही नव्हता. एकाच्या बाजूने न्यायालयात जुनी दप्तरे उघडली गेली, दुसऱ्याला नोटिशीचा कागद वाचता येत नव्हता.

आपल्याकडे हा कायदा मुकाट्याने स्वीकारला गेला असे नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ सालीच त्याविरुद्ध अर्ज केला. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने कुणब्याची गायराने कशी गिळली याची कैफियत मांडली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर असंतोष इतका वाढला की, मुंबई सरकारला १८८५ साली वन-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्या आयोगापुढील प्रमुख प्रश्नांपैकी एक होता राबाचा. कोकणातला भातशेतकरी ऐन-किंजळीचा टहाळ तोडतो, तो रोपाच्या वाफ्यावर पसरतो आणि पावसाळ्यापूर्वी जाळतो. त्या राखेवर भाताचे रोप तरारते. म्हणजे येथेही वाद झाडाचा नव्हता, फांदीचा होता. लाउटनकर चुलीसाठी फांदी तोडत होता आणि मुरबाड-कर्जतचा शेतकरी भातासाठी. विहाराला येणाऱ्यांच्या नजरेत ती विद्रूपता होती, वनाधिकाऱ्यांच्या नजरेत नासाडी. भारतात वनवासीयांच्या हक्कांना कायद्याने मान्यता मिळावयास २००६ साल उजाडावे लागले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला.

इकडे लाउटनमध्ये ११ नोव्हेंबर १८७९ च्या मध्यरात्री शेवटची तोडणी झाली. काही हजार लोक मशाली घेऊन अरण्यात गेले. एवढ्या लोकांना सरपणाची गरज नव्हती हे उघड आहे. एका हक्काची ती अंत्ययात्रा होती. हॉबहाउस यांनी भरपाई म्हणून सात हजार पौंड मंजूर केले. त्यांतील मोठ्या भागातून गावासाठी सभागृह बांधण्यात आले. त्याचे नाव ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे शब्दशः फांदी-छाटणीची वास्तू. १८८४ साली ते खुले झाले. त्याआधी ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणी आगगाडीने चिंगफर्डला आणि तेथून घोडागाडीने हाय बीच या टेकाडावर आली व तिने अरण्य लोकांना अर्पण केले. समारंभाला अफाट गर्दी होती. ज्यांनी तुरुंग पाहिला त्यांचा उल्लेख त्या दिवशीच्या भाषणांत शोधण्यात अर्थ नाही.

अरण्याभोवतीची शहरे त्यानंतर वेगाने वाढली. कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या गाड्या सुटू लागल्या आणि १८७१ मध्ये अकरा हजारांच्या आसपास असलेली वॉल्थमस्टोची वस्ती १९०१ मध्ये पंचाण्णव हजारांवर गेली. याच वॉल्थमस्टोत १८३४ साली विल्यम मॉरिस जन्मला होता. तट्टावर बसून त्याने हे सारे अरण्य पालथे घातले होते. १८९५ साली व्यवस्थापकांनी हॉर्नबीमची विरळणी चालवली तेव्हा म्हातारपणी त्याने वृत्तपत्रातून तक्रार केली, आणि ती नेमकी त्या ‘कुरूप’ झाडांच्या बाजूने होती.

कायद्याची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. बाँबवर्षावाने पूर्व लंडनमधील हजारो कुटुंबे बेघर झाली होती. वॉन्स्टेडच्या माळावर त्यांच्यासाठी तात्पुरती घरे उभी राहिली. १९४६ साली वेस्ट हॅमच्या नगरपालिकेने माळाचा मोठा भाग सक्तीने संपादून तेथे कायमची वसाहत बांधण्याचे योजले. बेघरांचा प्रश्न खरा होता, जागेची टंचाईही खरी होती. या खेपेस समोर लोभी इनामदार नव्हता. तरीही विरोध झाला, आणि तो करणाऱ्यांत पूर्व लंडनचे कामकरी लोकच पुष्कळ होते. त्यांच्या आजोबांनी जेथे कुंपण मोडले होते तोच हा माळ. चौकशी झाली आणि १९४७ साली सरकारने योजनेला परवानगी नाकारली. हा निर्णय बरोबर होता की नाही, यावर आजही दोन मते संभवतात. खुराड्यातल्या माणसाला घर आधी की मैदान आधी, हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या रहिवाशांना अपरिचित नाही.

त्यापुढचे तंटे मानाने किरकोळ, पण बोधक आहेत. लंडनला वळसा घालणारा मोठा रस्ता १९८०च्या दशकात एपिंगपाशी आला तेव्हा अरण्याच्या कडेला तो जमिनीखालून बोगद्याने न्यावा लागला. वर पूर्वीसारखेच क्रिकेटचे मैदान करून देण्यात आले. २०१२ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी पोलिसांना वॉन्स्टेडच्या माळावर काही आठवडे तळ द्यावयाचा होता, तर त्यासाठी १८७८ च्या कायद्यातच तात्पुरती दुरुस्ती करावी लागली. पोलिसांचे तंबू अडवू शकणारा कायदा अरण्याला क्वचितच लाभतो.

कुऱ्हाड थांबल्याचा परिणाम झाडांवर सावकाश दिसू लागला. छाटणी बंद झाली तशा फांद्या अवजड झाल्या, शेंडे एकमेकांत मिसळले, खालच्या जमिनीवर ऊन पडेनासे झाले आणि तेथली फुले-गवते विरळ झाली. कित्येक जुने वृक्ष स्वतःच्याच भाराने दुभंगले. गुरेही कमी होत गेली. १९९६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये गुरांच्या रोगाचा हाहाकार झाला तेव्हा चराई जवळजवळ थांबली, आणि कुरणांत झुडपे शिरली. नैसर्गिक म्हणून जे जपावयाचे होते ते माणसाच्या कुऱ्हाडीने आणि गाईच्या तोंडाने घडलेले होते, हे वनाधिकाऱ्यांना शंभर वर्षांनी उमगले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कॉर्पोरेशनने निवडक झाडांची जुन्या पद्धतीने छाटणी पुन्हा सुरू केली आहे. शतकभर न छाटलेले झाड एकदम बोडके केले तर मरते, म्हणून काम टप्प्याटप्प्याने चालते. लांब शिंगांच्या जुन्या इंग्रजी जातीची गुरेही पुन्हा चरावयास सोडली आहेत. कायद्याने कुंपण घालता येत नाही. तेव्हा त्यांच्या गळ्यात यंत्र बांधलेले असते. ठरवलेल्या सीमेजवळ गाय आली की ते आवाज करते आणि तरीही ती पुढे गेली तर तिला बारीकसा झटका बसतो.

लॉपिंग हॉल लाउटनच्या मुख्य रस्त्यावर अजून वापरात आहे. तेथे नाटके होतात, वर्ग भरतात. त्याच्या मूळ दरवाजावर भाजलेल्या मातीचे एक उठावचित्र आहे, आणि त्यात माणसे झाडाच्या फांद्या तोडीत आहेत.